घरीच उतरणारी बॅटरी

सोमवारी सकाळी गाडी पुन्हा सुरू झाली नाही, तेव्हा इंद्रजित मेश्राम स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसताच बसून राहिला. बटण दाबलं की डॅशबोर्डवरचे दिवे मिणमिणायचे, बोनेटखाली कुठेतरी टिकटिक व्हायची आणि मग सगळं गप्प. बॅटरी नवी होती. नवी बसवून महिनाही झाला नव्हता.

पोर्चचं दार उघडून धम्मशीला बाहेर आली. खांद्याला शाळेची बॅग, हातात छत्री.

"परत?" तिनं विचारलं.

"परत."

"मी बसनं जाते मग."

ती कोपऱ्यावर वळेपर्यंत तो आरशातून तिच्याकडे बघत राहिला. हल्ली दोघांमध्ये बोलणं होई ते एवढंच. बस, कचऱ्याचा बिन कधी बाहेर ठेवायचा, दूध आहे का. एके काळी नागपूरला कॉलेजच्या ग्रंथालयात बोलून बोलून ज्यांना बाहेर काढलं जायचं, ती हीच दोघं होती हे कुणाला सांगूनही पटलं नसतं.

इंद्रजित भूलतज्ज्ञ होता. लग्न झाल्यावर दोघं इंग्लंडला आली, दोन-तीन गावं फिरून कॉव्हेंट्रीत स्थिरावली, आणि मग इथलीच झाली. तो हॉस्पिटलात, ती एका सेकंडरी स्कूलमध्ये गणित शिकवायला. घर साधंच, एका बाजूनं शेजाऱ्याला चिकटलेलं. पुढे गाडी लावायचा ड्राइव्ह इतका आखूड, की गाडी आत घेतली की तिचं नाक बंदिस्त पोर्चच्या भिंतीला जवळजवळ टेकायचं. बैठकीत बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली बुद्धाची लहानशी मूर्ती. वरच्या मजल्यावर तीन खोल्या, त्यातली एक मिहीरची.

मिहीर त्यांचा एकुलता एक मुलगा. जन्म इथलाच. मराठी समजायचं सगळं, बोलायचा मात्र तोडकंमोडकं. 'माझा किल्ली कुठे आहे?' म्हणायचा, 'गाडी आला' म्हणायचा. इंद्रजित दर वेळी सुधारायचा, "माझी. किल्ली ती." धम्मशीला कधी सुधारायची नाही. तिला ते तसंच आवडायचं.

गेल्या वर्षी जूनमध्ये, एका गुरुवारी संध्याकाळी, मिहीर मित्रमैत्रिणींबरोबर गावातल्या क्रीडासंकुलात फुटबॉल खेळायला गेला. खेळता खेळता कडेला येऊन बसला. पाणी प्यायला आणि बसल्या जागी कलंडला. चोविसावं चालू होतं त्याला. हृदयात जन्मापासून दोष होता आणि तो कधी कुणाच्या लक्षात आला नव्हता. मिहीरला ज्या हॉस्पिटलात आणलं, तिथेच इंद्रजित वरच्या मजल्यावर ऑपरेशन थिएटरमध्ये होता. टेबलावर दुसरं कुणीतरी झोपलेलं होतं, त्याच्या भुलेच्या भरवशावर. सहकारी आत आला आणि म्हणाला, "मी घेतो इथलं, तू खाली जा." त्याचा चेहरा बघूनच इंद्रजितला कळलं. फक्त कुणाचं, ते कळलं नाही. जिना उतरताना तो धम्मशीलाचं नाव मनात घेत होता.

हे सगळं झाल्यावर दोघांनी जे केलं, ते दोघांनी वेगवेगळं केलं. धम्मशीला रोज संध्याकाळी मिहीरच्या खोलीत जाऊन बसायची. काही करायची नाही, नुसती बसायची. कधी कपाट उघडून त्याचे शर्ट चेहऱ्याला लावायची. इंद्रजितला त्या खोलीवरून जाणंही जमेना. बाथरूमला जाताना तो भिंतीकडे तोंड करून जायचा. आणि ऑगस्टमध्ये, धम्मशीला तिच्या बहिणीकडे, मालविकाकडे, स्लाऊला दोन दिवस गेली असताना, त्यानं मिहीरचं कपाट रिकामं केलं. कपडे काळ्या पिशव्यांत भरले आणि दान आलेले कपडे विकणाऱ्या गावातल्या तीन-चार चॅरिटी शॉप्समध्ये वाटून टाकले. त्याला खरंच वाटत होतं, की आपण तिच्यावरचा एक भार उतरवतोय.

ती परत आली, वर गेली, कपाट उघडलं. आत नुसते हँगर. ती खाली आली तेव्हा तिचा चेहरा कोरा होता. दुसऱ्या दिवशी ती एकेका दुकानात गेली. दुकानातल्या बायकांनी तिला चहा दिला, खुर्ची दिली आणि सांगितलं, की कपडे इथेच राहतील असं नसतं, दुसऱ्या गावांच्या शाखांतही पाठवले जातात. एक मोजासुद्धा हाती लागला नाही. त्यावर तिनं इंद्रजितला कधी एक शब्द विचारला नाही. तिनं भांडण काढलं असतं तर बरं, असं त्याला पुढे अनेकदा वाटलं.

मग मार्चमध्ये दिया आली. दिया मिहीरबरोबर युनिव्हर्सिटीत होती, फुटबॉलच्या त्या गटातही होती. मैत्रीण म्हणायची की त्याहून काही जास्त, हे दोघांनीही कधी विचारलं नव्हतं. दारात उभी राहून ती रडायलाच लागली. तिच्या हातात मिहीरचं जॅकेट होतं, हिरवट रंगाचं, कॉलरपाशी विटलेलं. त्या संध्याकाळी ते बाकावर राहिलं होतं आणि तिनं ते उचलून घरी नेलं होतं.

"आधीच आणायला हवं होतं, आंटी," ती म्हणाली. "मला सोडवेना. मी धुतलं नाहीये. जसं होतं तसंच आहे."

धम्मशीलानं तिला जवळ घेतलं. दिया गेल्यावर तिनं ते जॅकेट पोर्चमधल्या हुकाला अडकवलं, मिहीर घरी आल्यावर अडकवायचा त्याच हुकाला. घरातून जाता-येता ते खांद्याला लागायचं. इंद्रजित अंग चोरून जायचा. त्यानं एकदाही त्याला हात लावला नाही, काही बोललाही नाही. आपल्याला त्यावर बोलायचा हक्क उरलेला नाही, एवढं त्याला कळत होतं.

गाडीचं दुखणं सुरू झालं ते ईस्टरच्या सुमाराला.

पहिल्यांदा बॅटरी उतरली तेव्हा ब्रेकडाउनवाला आला, केबल लावून गाडी चालू करून दिली आणि म्हणाला, तुमच्या फेऱ्या छोट्या आहेत, बॅटरीला चार्ज व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून रविवारी इंद्रजित उगाचच वॉरिकपर्यंत जाऊन आला. बुधवारी गाडी पुन्हा मेली. मग त्यानं बॅटरी बदलली. तीही उतरली. गॅरेजवाल्यानं बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर तपासला, तो ठणठणीत निघाला. गाडी दोन रात्री गॅरेजमध्ये ठेवून घेतली, काहीही झालं नाही. सकाळी एका दमात सुरू. "गाडीत दोष नाही, डॉक्टर," असं म्हणून त्यानं किल्ली परत दिली. घरी आणल्यावर दोन दिवसांत पुन्हा तेच.

कोणी म्हणालं डिकीतला दिवा चालू राहत असेल, कोणी म्हणालं जुनी झाली, विकून टाक. इंद्रजितनं वीज मोजायचा मल्टिमीटर मागवला. संध्याकाळी जेवण झालं की तो व्हिडिओ बघायचा, कागदावर आकृत्या काढायचा. बॅटरीची जागा, फ्यूजचा डबा, कुठली वायर कुठे जाते, हे सगळं त्याला पाठ झालं. मिहीर गेल्यापासून पहिल्यांदाच त्याच्यासमोर असा प्रश्न आला होता ज्याला उत्तर होतं. ते शोधायचं होतं, पण होतं. धम्मशीला समोरच्या सोफ्यावर वह्या तपासत असायची. एकदा तिनं मान वर करून त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. "इतकं काय त्यात?" असं विचारेल असं त्याला वाटलं. तिनं पुन्हा वही ओढली.

मे महिन्यातल्या एका शनिवारी त्याला सुट्टी होती. धम्मशीला सकाळीच विहारात गेली. तिथे ती शनिवारी मुलांना मराठी वाचायला शिकवायची. इंद्रजितनं गाडीचं बोनेट उघडलं, बॅटरीची काळी वायर सोडवली आणि मधे मीटर जोडला. गाडी बंद करून कुलूप लावलं की तिचं एकेक यंत्र हळूहळू निजतं आणि अर्ध्या तासात ती जवळजवळ काहीच वीज खात नाही, हे त्याला आता ठाऊक होतं. ड्राइव्हवर घडीची खुर्ची टाकून तो मीटरकडे बघत बसला. थिएटरमध्ये मॉनिटरकडे बघत बसायची त्याला आयुष्यभराची सवय होती.

आकडा खाली आला. अगदी हवा तेवढा खाली आला. आणि एकदम वर उडाला. पुन्हा खाली, पुन्हा वर. दर थोड्या वेळानं कुणीतरी हलवून जागं करावं तशी गाडी दचकून उठत होती. त्यानं एकेक फ्यूज काढून पाहायला सुरुवात केली. किल्ली न फिरवता चालू होणाऱ्या यंत्रणेचा फ्यूज काढला, तसा आकडा खाली गेला आणि तिथेच राहिला.

म्हणजे ती यंत्रणा बिघडली होती? पण मग गॅरेजमध्ये का नाही? हॉस्पिटलच्या कार पार्कात दिवसच्या दिवस उभी असते, तिथे का नाही? पेशंट एका वॉर्डात बरा असतो आणि दुसऱ्यात गेला की आजारी पडतो, तेव्हा पेशंटकडे नाही, वॉर्डाकडे बघायचं असतं. त्यानं फ्यूज परत बसवला, वायर जोडली, गाडी रस्त्याच्या पलीकडे नेऊन लावली, किल्ली घरात ठेवून आला आणि पुन्हा मीटर जोडून फुटपाथवर बसला. गाडी शांत निजली. आकडा ढळला नाही. परत ड्राइव्हमध्ये आणली. पुन्हा दचकायला लागली.

या जातीची गाडी आपल्या किल्लीला हाका मारते, आणि किल्ली जवळ असली की ती ओ देते. ओ आली की गाडी जागी होते, मालक आला असं समजून. इंद्रजितनं स्वतःची किल्ली खिशातून काढली, मागच्या बागेच्या पार टोकाला असलेल्या शेडमध्ये पत्र्याच्या डब्यात नेऊन ठेवली आणि परत आला. आकडा अजूनही उडत होता.

म्हणजे दुसरी किल्ली. पण दुसरी किल्ली मिहीरची होती आणि ती हरवली होती. त्याच्या सामानात सापडली नव्हती. कपड्यांच्या पिशव्यांबरोबर गेली असणार, असं इंद्रजितनं कधीच गृहीत धरलं होतं.

खुर्चीत बसल्या बसल्या त्यानं मान वर केली. बोनेटच्या पलीकडे पोर्चची भिंत, भिंतीच्या वरच्या भागात काच. काचेतून जॅकेटचा खांदा दिसत होता, गाडीपासून हातभर अंतरावर.

तो उठला. त्याला कळलं होतं, तरी बराच वेळ तो पोर्चमध्ये जॅकेटसमोर उभा राहिला. मग त्यानं त्याला हात लावला. बाहेरचे खिसे रिकामे होते. आतल्या बाजूला, अस्तरात, चेनचा एक खिसा होता. हाताला किल्ली लागली. आणि चेन उघडायला त्यानं जॅकेट जवळ ओढलं, तेव्हा कॉलरमधून मिहीरचा वास आला. डिओडरंटचा, घामाचा, आणि त्याच्या केसांचा, जो तान्हा असताना होता तसाच अजूनही थोडासा होता. इंद्रजित भिंतीला टेकला. एक हात जॅकेटच्या आत, चेहरा कॉलरमध्ये.

त्याच वेळी बाहेरून दार उघडलं.

धम्मशीला उंबऱ्यात उभी होती. हातात मुलांची अंकलिपीची पुस्तकं. तिनं जॅकेटच्या आत गेलेला त्याचा हात पाहिला.

"हेसुद्धा?" ती म्हणाली.

"नाही. धम्मा, तसं नाही."

"हेसुद्धा देऊन टाकणार होतास?"

"नाही गं. बॅटरी," तो म्हणाला, आणि तोंडातून निघालेला तो शब्द त्याला स्वतःलाच इतका क्षुल्लक वाटला, की पुढचं वाक्य जुळेना. "यात किल्ली आहे. तिच्यामुळे गाडी जागी राहते. म्हणून बॅटरी उतरते. मी फक्त ते बघत होतो."

तिनं पुस्तकं खाली ठेवली. जॅकेट त्याच्या हातातून सोडवून घेतलं, रागानं नव्हे, झोपलेलं मूल दुसऱ्याच्या कडेवरून घ्यावं तसं.

"किल्ली आहे ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "दिया आली त्याच दिवशी हाताला लागली. मी चेन उघडली नाही. त्यानं स्वतः लावलेली चेन आहे ती."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू काढली असतीस."

हे खरं होतं. तो म्हणाला, "राहू दे किल्ली. मी गाडी रस्त्यापलीकडे लावत जाईन. तिथे काही होत नाही, मी पाहिलंय. जॅकेट इथेच राहू दे. कशालाच हात लावायला नको."

धम्मशीला जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. जॅकेट मांडीवर. ती बोलली तेव्हा तिचा आवाज वर्गात बोलतानाचा, सपाट आणि स्पष्ट होता.

"आज तू विचारतोयस, इंद्रा. कपाट काढलंस तेव्हा नाही विचारलंस."

"मला ती खोली सहन होत नव्हती."

"आणि मला तीच खोली हवी होती. एका घरात होतो आपण. तू मला खाली येऊन एवढंच म्हणाला असतास ना, की धम्मा, मला सहन होत नाही, तर मी ते कपडे मालविकाकडे नेऊन ठेवले असते. तुला आवरायची घाई असते. सगळ्याचीच."

"सगळ्याची म्हणजे?"

त्याला वाटलं ती आता उठून जाईल, नेहमीसारखी. पण या वेळी ती उठली नाही.

"त्या दिवशी तूच त्यांना थांबा म्हणालास," ती म्हणाली. "मी रस्त्यात होते."

इंद्रजितला हॉस्पिटलातली खालची ती खोली दिसली. मिहीरच्या छातीवर दाबणारे हात, मॉनिटरवरची सरळ रेघ, आपल्याकडे वळलेले सहकाऱ्यांचे चेहरे. ते केवळ त्याच्यामुळे थांबत नव्हते. तो डॉक्टर होता, बाप होता, आणि तो नको म्हणेपर्यंत ते दाबत राहिले असते.

"धम्मा, तो गेला होता. खूप आधीच गेला होता. मी ते पाहत होतो."

"मला माहीत आहे."

"दहा मिनिटांनी काहीच फरक पडला नसता."

"मला माहीत आहे, इंद्रा. मी कधी तुला चूक म्हटलं नाही. पण मी रस्त्यात होते. ट्रॅफिक लाइटला थांबले होते. मी पोचले तेव्हा सगळं पुसून, आवरून ठेवलं होतं. चादर नीट घातलेली होती." तिनं जॅकेटची बाही सरळ केली. "मला वाटलं होतं हे कधी ना कधी निघून जाईल मनातून. मग कपाट झालं."

तो तिच्या समोर जमिनीवर बसला. तिचा हात हातात घ्यावा असं त्याला फार वाटत होतं, पण तिचे दोन्ही हात जॅकेटवर होते. बाहेर ड्राइव्हवर बोनेट उघडंच होतं.

शेवटी ती म्हणाली, "पुढच्या आठवड्यात हाफ-टर्मची सुट्टी आहे. मी मालविकाकडे जाते."

"मी सोडतो."

"चालेल."

रविवारी सकाळी त्यानं गाडी रस्त्यापलीकडून आणली. एम-फॉर्टी हायवेला गर्दी नव्हती. धम्मशीलानं बॅग मागे ठेवली होती आणि जॅकेट मांडीवर घेतलं होतं. दोन्ही बाजूंना कोवळी हिरवी शेतं, मोहरीचे पिवळे पट्टे. ऑक्सफर्डच्या अलीकडे तिनं थर्मासमधला चहा ओतून त्याला दिला. त्यानं घेतला. "साखर कमी झाली का?" तिनं विचारलं. "नाही, ठीक आहे," तो म्हणाला. यापेक्षा वेगळं काही बोलायची ती वेळ होती हे त्याला कळत होतं. पेशंटच्या नातेवाइकांशी कसं बोलायचं हे तो ज्युनिअर डॉक्टरांना शिकवायचा. त्यातलं एकही वाक्य इथे लागू पडत नव्हतं.

स्लाऊला मालविका दारातच उभी होती. तिनं बहिणीच्या हातातली बॅग घेतली, इंद्रजितला "भाऊजी, आत या, जेवून जा," म्हणाली. तो नको म्हणाला. धम्मशीला गाडीच्या खिडकीशी वाकली.

"कधी येशील?" त्यानं विचारलं.

"माहीत नाही."

"आठवड्यानं?"

"इंद्रा, खरंच माहीत नाही." मग सरळ होत, "जेवत जा. फ्रीझरमध्ये वरण आहे डब्यांत."

हाफ-टर्म संपली तेव्हा ती शाळेपुरती आली, उन्हाळ्याची टर्म पूर्ण केली, परीक्षेची मुलं अर्ध्यावर सोडायची नाहीत म्हणून. शनिवार-रविवार स्लाऊला. जॅकेट ती परत घेऊन आली नाही. जुलैत तिनं ती शाळा सोडली आणि स्लाऊतल्याच एका शाळेत सप्टेंबरपासून रुजू झाली. घटस्फोट हा शब्द दोघांपैकी कुणीच काढला नाही. भांडणही झालं नाही. मालविकाच्या घरची वरची खोली तिची झाली, एवढंच.

गाडी मात्र सुधारली. ड्राइव्हमध्ये पोर्चला नाक लावून आठ-आठ दिवस उभी राहिली तरी बटण दाबताक्षणी सुरू व्हायची. हॉस्पिटलच्या कॉफी रूममध्ये एकानं विचारलं, त्या बॅटरीचं काय झालं शेवटी? इंद्रजित म्हणाला, दुसरी किल्ली दाराजवळ अडकवलेली होती. सगळे हसले. एवढंसं कारण आणि किती आठवडे घालवलेस, असं कुणीतरी म्हणालं. तोही हसला, कप धुतला आणि पुढच्या केसला गेला.

त्याआधी जूनमध्ये, मिहीरला जाऊन वर्ष झालं तेव्हा, दोघं विहारात शेजारी शेजारी बसली होती. भन्तेजींनी परित्राणपाठ केला, लोकांना जेवण दिलं. दिया आली होती. धम्मशीलानं तिला वाढलं, इंद्रजितनं पाणी दिलं. बघणाऱ्याला काही कळलं नसतं. वाटी उचलताना दोघांची बोटं एकमेकांना लागली तेव्हा तिनं हात मागे घेतला नाही, पण त्या संध्याकाळी ती मालविकाच्या गाडीतून परत गेली.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी दुपारी इंद्रजित वर गेला. बाथरूमकडे जाताना आज त्यानं भिंतीकडे तोंड केलं नाही. मिहीरच्या खोलीचं दार ढकललं, आत गेला, कपाट उघडलं. हँगर एकमेकांना आपटून वाजले. कपाट रिकामं करताना त्यानं कुठलाही कपडा नीट पाहिला नव्हता. डोळे मिटल्यासारखंच केलं होतं सगळं. आता आठवायला गेला तर त्याला एकही धड आठवेना. एक निळा शर्ट होता, एवढंच. तो खाली जमिनीवर बसला आणि त्यानं स्लाऊला फोन लावला.

"बोल," धम्मशीला म्हणाली. मागे प्रेशर कुकरची शिट्टी झाली.

"धम्मा, त्याचा एक निळा शर्ट होता ना?"

ती फोन ठेवेल असं त्याला वाटलं.

"दोन होते," ती म्हणाली. "कुठला?"

"मला आठवत नाही. मी त्याच्या खोलीत आहे. मला यातलं काहीच आठवत नाही, धम्मा. काय काय होतं ते तू सांगशील का?"

कुकर पुन्हा वाजला. तिनं कुणाला तरी गॅस बंद करायला सांगितला. मग पावलांचा आवाज, जिन्याचा, दार लावल्याचा.

"एक गडद निळा होता," ती म्हणाली. "कॉलरचं एक बटण तुटलं होतं. मी लावून देते म्हणत होते, तो म्हणायचा, असू दे, कुणाला दिसतो बटण. दिसतो म्हणायचा." तिचा आवाज अडखळला, पुन्हा सरळ झाला. "दुसरा फिका, चौकडीचा. तो तू आणला होतास एडिंबराहून, कॉन्फरन्सला गेला होतास तेव्हा. त्याला मोठा व्हायचा. तरी घालायचा."

इंद्रजितनं कपाटाच्या दाराला डोकं टेकलं. तो इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रडत होता आणि तिला ते ऐकू जात होतं हे त्याला माहीत होतं.

"मग?" तो म्हणाला.

"मग राखाडी हुडी. बाह्या ओढून ओढून सैल केलेली." ती थांबली. "ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"घाई नाही ना तुला?"

"नाही."

ती पुढे सांगत राहिली.